सोलापूरहून प्रवाळ बघायला: बोटीतला एक दिवस, बेत तीन दिवसांचा

सोलापूरकराने स्कूबाचं, म्हणजे सिलिंडरमधल्या हवेवर पाण्याखाली उतरण्याचं, नाव काढलं की पुढचं नाव मालवणचं निघतं. जवळचा समुद्र तोच, त्यामुळे ते बरोबरच आहे. बेत मात्र बहुतेक वेळा चुकीचा आखला जातो. शुक्रवारी रात्री गाडी काढायची, शनिवारी सकाळी मालवण गाठायचं, जागरण अंगावर घेऊनच बोटीत बसायचं, दुपारी सुरमईचं ताट आणि संध्याकाळी परत घाट. न झोपलेल्या माणसाला बोट हमखास लागते, हा यातला छोटा तोटा. मोठा तोटा शेवटच्या टप्प्यात आहे: डायव्ह करून त्याच दिवशी घाट चढणं.

पाण्याखाली दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. त्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि स्नायूंत जास्त विरघळतो आणि वर आल्यावर तो तासन् तास हळूहळू बाहेर पडत राहतो. तेवढ्यात हवेचा दाब आणखी कमी झाला, तर त्याचे बुडबुडे होण्याची शक्यता वाढते. विमानाबाबत म्हणूनच नियम आहे: डायव्ह एकच असेल तर उड्डाणाआधी १२ तास थांबायचं, त्याहून जास्त असतील तर १८ तास. साधारण ६०० मीटरच्या वर चढायचं असेल तर तोच नियम धरतात. मुंबईच्या माणसाला महामार्गाने घरी जाताना हा विचार फारसा करावा लागत नाही. आपल्याला करावा लागतो, कारण करूळ, फोंडा, आंबोली यातला कुठलाही घाट धरला तरी समुद्रसपाटीवरून तास-दीड तासात सहाशे-सातशे मीटरवर जातो, आणि घाट संपला तरी खाली उतरणं नाहीच. कोल्हापूर साडेपाचशे मीटरवर, सोलापूर साडेचारशेवर. सहा-सात मीटर खोलीवरच्या पंधरा मिनिटांच्या पहिल्या डायव्हला धोका खरोखरच थोडा असतो. तरी मुक्काम टाळून वाचतं काय, तर एक रात्रीचं भाडं. दोन-तीन खोल डायव्ह केलेल्याने १८ तास पाळायचेच.

म्हणून पहिला दिवस प्रवासाचा, दुसरा समुद्राचा, तिसरा परतीचा. परतीच्या वाटेवर किंवा घरी आल्यावर चोवीस तासांत सांधा ठणकू लागला, हातापायाला मुंग्या आल्या, चक्कर किंवा विचित्र थकवा आला, तर ते प्रवासाचं अंगदुखणं समजून झोपू नका. दवाखान्यात जा. डॉक्टरांना पहिलं वाक्य ‘डायव्ह केली होती’ हे सांगा, किती खोल, किती मिनिटं आणि कधी तेही सांगा, आणि ऑक्सिजन लावायची विनंती करा. इकडे रोज असे रुग्ण येत नाहीत, त्यामुळे हे तुम्ही सांगितल्याशिवाय कुणाच्या डोक्यात येणार नाही.

रस्ता मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर असा. तिथून गगनबावडा-करूळ घाटाने वैभववाडी किंवा राधानगरी-दाजीपूर-फोंडा घाटाने कणकवली, मग कसालवरून मालवण. अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास, जेवणखाण धरून नऊ-दहा तास. पहाटे पाचला निघालात तर संध्याकाळी उजेडात पोचता. निघण्याआधी घाट चालू आहे ना हे विचारून घ्या, कारण कामं आणि दरडी यामुळे वाहतूक वळवलेली असते. एसटीने जायचं तर कोल्हापूरला गाडी बदला. सोलापूर-गोवा विमान २०२५ मध्ये सुरू झालं आहे. त्या वाटेने जाणाऱ्यांना वरचा बारा-अठरा तासांचा हिशोब शब्दशः लागू.

<b>दिवस निवडताना कॅलेंडर भिंतीवरचं बघा</b>

मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत जलपर्यटन बंद असतं, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात नद्या-खाड्यांचं गढूळ पाणी अजून किनाऱ्याला असतं. पाणी खऱ्या अर्थाने निवळतं ते डिसेंबर ते फेब्रुवारी. निवळतं म्हणजे किती, हेही आधीच समजून घ्या: मालवणला पाच मीटर दिसलं तरी चांगला दिवस, सात-आठ दिसलं तर नशीब. इंटरनेटवरचे निळेशार फोटो बऱ्याचदा अंदमान-लक्षद्वीपचे असतात. सोलापूरकरांना संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर यात्रेच्या सुट्ट्या असतातच. गड्ड्याच्या जत्रेची गर्दी एक वर्ष सोडायची तयारी असेल तर समुद्रासाठी ते दिवस उत्तम.

महिन्यातला दिवस तिथीवरून ठरवा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. भरती-ओहोटीतला फरक मालवणला तेव्हा दोन मीटरच्या घरात जातो, पाणी जोरात धावतं आणि तळाची वाळू उठवतं. अष्टमीनंतर एक-दोन दिवसांत भांगाची भरती येते. फरक जवळपास निम्म्यावर येतो, ओढ मंदावते, गाळ खाली बसतो. वेळेसाठी किनाऱ्यावरचा जुना हिशोब आहे: तिथीला पाऊणने गुणा, भरती पूर्ण भरण्याची वेळ मिळते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहा वाजता. एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, पण बेत आखायला तेवढं पुरतं. भरती भरून पाणी थबकतं त्याच्या आगेमागे तासभर पाणी सर्वांत स्वच्छ आणि शांत असतं, आणि सकाळी वाराही पडलेला असतो. तिन्ही गोष्टी एकत्र येतात त्या दशमी, एकादशी, द्वादशीच्या सकाळी. पंढरपूरच्या जिल्ह्यातल्या माणसाला एकादशी शोधायला कॅलेंडर उघडावंही लागू नये. फक्त आषाढीला समुद्र बंद. शनिवार-रविवारशी जुळत नसेल तर एक रजा टाका. रविवारी दुपारी पन्नास बोटींच्या मधे उतरण्यापेक्षा ती परवडते.

<b>स्कूबा म्हणून नेमकं काय देणार आहेत?</b>

मालवण, दांडी, तारकर्ली, देवबाग इथे प्रत्येक दुसऱ्या पाटीवर ‘स्कूबा’ लिहिलेलं असतं, पण त्याखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एकात सिलिंडर बोटीवरच राहतं, लांब नळीने तोंडाशी हवा येते, मार्गदर्शक तुम्हाला धरून दोन-तीन मीटरवर नेतो, व्हिडिओ काढतो आणि दहा मिनिटांत वर आणतो. पॅरासेलिंग-बनाना राइडच्या पॅकेजमध्ये काहीशे रुपयांत मिळतं ते बहुधा हेच. दुसऱ्यात सिलिंडर तुमच्या पाठीवर असतं, आधी उथळ पाण्यात तीन-चार कौशल्यं करून घेतात, आणि एक प्रशिक्षक फार तर दोन जणांना नेतो. आंतरराष्ट्रीय संस्थांच्या नियमांनुसार अशा ओळखीच्या डायव्हची कमाल खोली १२ मीटर, वय किमान १० वर्षं. मालवणला त्यातली सहा-आठ मीटर पुरते.

फोनवर पाच प्रश्न विचारा: सिलिंडर पाठीवर की बोटीवर? एका प्रशिक्षकामागे किती माणसं? आरोग्याचा फॉर्म भरून घेता का? बोटीवर ऑक्सिजनचं किट आहे का? बोट नांगर टाकते की बोयाला, म्हणजे पाण्यात कायम तरंगत्या खुणेला, बांधते? पैशांबद्दल शेवटी विचारा. पाचांतल्या शेवटच्या दोन प्रश्नांवर समोरचा गडबडला तर दुसरा नंबर फिरवा. ‘पोहायला येत नसलं तरी चालतं’ हे तुम्हाला सगळेच ऐकवतील, आणि तांत्रिकदृष्ट्या ते खोटं नाही. पण ज्याला चेहऱ्यावर पाणी आलं की धडकी भरते, त्याचे पैसे पहिल्या तीन मिनिटांत वाया जातात. तारकर्लीला एमटीडीसीचं इसदा हे डायव्हिंगचं प्रशिक्षण केंद्र आहे. परवाना देणारा ‘ओपन वॉटर’ कोर्स करायचा असेल तर तीन-चार दिवस काढून तलावात शिकून मग समुद्रात जाणं हा कधीही बरा मार्ग.

दमा, फिट येणं, हृदयविकार, छातीची शस्त्रक्रिया, कानाच्या पडद्याला भोक, गर्भारपण, यातलं काही असेल तर घरीच डॉक्टरांशी बोला. दमा किंवा फिट लपवून फॉर्मवर ‘नाही’ लिहिणं म्हणजे प्रशिक्षकाला फसवणं नव्हे, स्वतःलाच. सर्दी असेल तर डायव्ह रद्द. गोळी घेऊन नाक मोकळं करून उतरायचं, आणि पाण्याखाली गोळीचा असर संपला की कानात-सायनसमध्ये कोंडलेली हवा वर येताना सुटत नाही. ते दुखणं उतरतानाच्या दुखण्यापेक्षा वाईट.

<b>घरच्या बादलीत करायची तयारी</b>

विहिरीत किंवा तलावावर पोहायला शिकलेल्या माणसाची अडचण पोहणं ही नसतेच. त्याला नाकाने श्वास सोडायची आणि तोंड वर काढून घ्यायची सवय असते. स्कूबात श्वास घेणं आणि सोडणं तोंडानेच, आणि मास्कमध्ये थोडं पाणी शिरलं तरी नाक बंद ठेवून श्वास चालू राहिला पाहिजे. हे घरी जमवता येतं. खेळाच्या दुकानातून साधी स्नॉर्कल आणा, बादली काठोकाठ भरा, मास्क न लावता चेहरा पाण्यात बुडवा आणि तोंडातल्या नळीतून श्वास घ्या. नाक उघडं, नाकाला पाणी लागतंय, आणि तरी नाकाने काहीही आत जात नाही. पहिल्या दिवशी दहा सेकंदांत डोकं वर येईल. आठवडाभर रोज केलं की सलग दोन-तीन मिनिटं जमतात. बोटीवरची निम्मी घाबरगुंडी इथेच संपते.

मिशी भरघोस असेल तर नाकाखालची वरची कड अर्धा सेंटिमीटर बारीक करा. मास्कची सिलिकॉनची कड तिथेच बसते आणि केसांमधून पाणी झिरपतं. चश्मा असेल तर नंबरचा मास्क आहे का ते आधी विचारा. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स चालतात, पण मास्कमध्ये पाणी आल्यावर डोळे मिटायचे हे लक्षात ठेवा.

पिशवीत घ्यायचं ते थोडंच: अंगाला घट्ट बसणारा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट, कोरडे कपडे, दोन लिटर पाणी, टोपी, ओळखपत्र. टॉवेल तर सोलापूरचाच घ्याल. दागिने, अंगठी, घड्याळ खोलीवर ठेवा. सनस्क्रीन बोटीत बसताना फासू नका. ऑक्सिबेन्झोनसारखी त्यातली काही रसायनं प्रवाळाला बाधतात. टी-शर्ट आणि टोपीने काम भागतं.

<b>बोटीवर</b>

पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको. निघण्याआधी दीड-दोन तास हलकं काही खा. कडक भाकरी इथे अगदी कामाची आहे: कोरडी, पोटात शांत बसणारी, डब्यात दिवसभर टिकणारी. सोबतची शेंगाचटणी मात्र परतीसाठी ठेवा. लाटेवर लसणाचा ढेकर कुणालाच सोसत नाही. आदल्या रात्री दारू नाही. बोट लागणाऱ्यांनी उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावी, आणि ती आधी एकदा घरी घेऊन बघावी, कारण काहींना तिने चांगलीच पेंग येते. पेंगुळलेल्या माणसाने डायव्ह करू नये. जागा मधली किंवा मागची धरा, नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, सर्वांत जास्त हेलकावे. इंजिनाच्या धुरापासून लांब, नजर क्षितिजावर. मोबाइलमध्ये डोकं घातलं की पाच मिनिटांत मळमळ सुरू.

लाइफ जॅकेट किनारा सोडण्याआधी चढवा आणि सगळे बकल लावा. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटकांचा जीव गेला होता. बोटीत ठरल्यापेक्षा जास्त माणसं दिसली तर पैसे सोडून उतरा.

सामान चढवताना चार गोष्टी स्वतः बघा. प्रशिक्षक बघतोच, पण दोन जोड्या डोळे बऱ्या. दाबमापकाची सुई २०० बारच्या आसपास हवी (एक बार म्हणजे साधारण एका वातावरणाचा दाब). तोंडातल्या रेग्युलेटरमधून चार श्वास घेत सुईकडेच बघा: सुई स्थिर राहिली तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे, श्वासागणिक मागेपुढे झुलली तर अर्धवट उघडा आहे, तसं लगेच सांगा. हवेला वास किंवा तेलकट चव आली तर ते सिलिंडर नको. बीसीडी, म्हणजे हवा भरायचं जॅकेट, फुगवून आणि रिकामं करून बघा. वजनाचा पट्टा एका हाताने झटकन सुटतो ना, हेही बघा. साठ-सत्तर किलोच्या माणसाला पातळ सूटमध्ये साधारण चार ते सहा किलो शिसं लागतं. कमी पडलं तर तुम्ही वर तरंगता आणि पाय झाडत बसता, जास्त झालं तर तळ घासता, आणि तळाशीच प्रवाळ असतं.

मास्कच्या काचेला आतून थुंकी चोळून पाण्यात एकदा विसळा, धुकं धरत नाही. किळस वाटत असेल तर बेबी शाम्पूचा एक थेंब.

खुणा पाठ करा. अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ म्हणजे ठीक. पंजा आडवा हलवला म्हणजे काहीतरी बिघडलंय, मग बोटाने जागा दाखवायची. आणि अंगठा वर म्हणजे ‘वर जाऊया’. खुशीत अंगठा दाखवणाऱ्यांना प्रशिक्षक इमानदारीत वर आणतो आणि डायव्ह तिथेच संपते.

<b>पाण्याखाली</b>

पहिले तीन मीटर हेच खरं काम. दाबातला बदल वरच्या पाण्यात सर्वांत मोठा जाणवतो: पृष्ठभागापासून दहा मीटरवर जाताना हवेचं आकारमान निम्मं होतं, पुन्हा निम्मं व्हायला आणखी वीस मीटर जावं लागतं. त्यामुळे कान दुखतो तो दोन-तीन मीटरवरच. मास्कवरून नाक चिमटीत धरा आणि बंद नाकात हलकेच फुंका, कानात बारीक ‘टक’ होतं. हे दुखायच्या आधी करायचं, दर अर्ध्या मीटरला. दुखल्यावर फुंकलं तर कान आणि घसा जोडणारी नळी दाबाने मिटलेली असते आणि जोर लावला की पडद्याला इजा होते. एक कान सुटत नसेल तर एक मीटर वर या, तो कान वरच्या बाजूला येईल अशी मान कलती करा, गिळा, पुन्हा हलकं फुंका. तरी नाहीच, तर वर. मास्क चेहऱ्याला रुतायला लागला तर नाकातून थोडी हवा मास्कमध्ये सोडा.

मास्कमध्ये पाणी शिरलं तर मान किंचित वर, वरची कड कपाळाशी दाबून धरायची, नाकाने एकच लांब उच्छ्वास. पाणी खालून निघून जातं. घाईत छोटे-छोटे फुंकर मारले की ते राहतंच.

श्वास कधीही रोखू नका. नियम एकच पाळायचा असेल तर हा पाळा. फुप्फुसं भरलेली असताना श्वास धरून दीड मीटर वर आलात तरी आतली हवा फुगून फुप्फुसाला इजा करू शकते, आणि विहिरीत सूर मारणाऱ्याची सवय नेमकी श्वास धरण्याचीच असते. लांब, संथ, सतत. हवा संपेल ही भीती हिशोबाने घालवता येते. अकरा लिटरचं सिलिंडर २०० बारला भरलं की सुमारे २२०० लिटर हवा. त्यातले ५० बार राखीव सोडले तर १६५० लिटर वापरायला. नवखा माणूस वर मिनिटाला पंचवीस लिटर घेतो, आठ मीटरवर दाब १.८ पट म्हणून पंचेचाळीस. म्हणजे पस्तीस मिनिटांच्या वर हवा आहे, आणि तुमची डायव्ह वीसची.

हात छातीशी दुमडून ठेवा, पाय मांडीपासून संथ हलवा. वाळू उडवली तर मागच्याला काही दिसत नाही. मालवणचं प्रवाळ फांद्याफांद्यांचं रंगीत रान नाही. खडकांवर बसलेले पिवळसर-तपकिरी गोल ढीग आणि ताटासारखे पसरट थर, हे त्याचं रूप. एखाद्या ढिगाच्या जवळ थांबा, दोन मिनिटं काहीच करू नका. आधी नुसता खडक वाटणाऱ्या पृष्ठभागावर मोहरीएवढे कप्पे दिसू लागतात, प्रत्येकात एक जीव. मग फटीतून पट्टेरी छोटे मासे बाहेर येतात, खाली गोबरा तोंड उघडं टाकून बसलेला असतो. घाईने पुढे सरकणाऱ्यांना यातलं काही भेटत नाही.

स्पर्श करू नका, उभं तर अजिबात राहू नका. असा एखादा ढीग वर्षाला फार तर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर वाढतो. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचं पहिल्या अनुसूचीतलं संरक्षण आहे, तेव्हा किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडाही आठवण म्हणून पिशवीत टाकू नका. माशांना बिस्किट-ब्रेड घालून गोळा करायची पद्धत काही ठिकाणी आहे. व्हिडिओ झकास येतो, पण माशांचं खाणं बिघडतं. नको म्हणा, ऐकतात. लाटेबरोबर झार, म्हणजे जेलीफिश, अंगाला लागली तर चोळू नका आणि गोडं पाणी ओतू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले धागे कार्डाच्या कडेने उचला.

वर येताना वेग मिनिटाला नऊ मीटरपेक्षा कमी, म्हणजे आपल्याच लहान बुडबुड्यांच्या मागे राहायचं, पुढे नाही. खोल डायव्ह असेल तर पाच मीटरवर तीन मिनिटं थांबा. बोटीवर आल्यावर आधी पाणी प्या, भरपूर. सोलापूरच्या उन्हाची सवय असलेल्यालाही समुद्रावर किती घाम गेला ते कळत नाही. कान गोड्या पाण्याने धुऊन कोरडे करा, बोळा आत घालू नका. त्या दिवशी व्यायाम, दारू, फार गरम पाण्याची अंघोळ टाळा.

<b>मालवणनंतर</b>

ओपन वॉटर परवाना हातात असेल (त्यावर १८ मीटरपर्यंत जाता येतं) तर पुढचं ठिकाण कर्नाटकातलं नेत्राणी. मुरुडेश्वरपासून सुमारे १९ किलोमीटर आत समुद्रात असलेलं हे बेट, बोटीने तास-दीड तास. पाणी मालवणपेक्षा बरंच स्वच्छ, दहा-पंधरा मीटर दिसणं इथे नवलाचं नाही. सोलापूरहून विजयपूर, हुबळी मार्गे जावं, गदग-हुबळीपर्यंत रेल्वेही आहे. कानडीची अडचण सोलापूरकराला नसतेच. दिवसभराची बोट असल्याने दोन डायव्ह होतात, दोन्हींच्या मधे किमान तास वर थांबावं लागतं, आणि बोट तेवढा वेळ उघड्या समुद्रात डुलत असते. म्हणून मालवणला बोट लागली असेल तर नेत्राणीला गोळीचा बंदोबस्त आधी करा. तिथूनही परतीला घाट आहे. दोन डायव्ह म्हणजे अठरा तास, तेव्हा मुरुडेश्वरची दुसरी रात्र खोलीवाल्याला जातानाच सांगून ठेवा. सुट्टीच्या दिवसांत ऐन वेळी खोली मिळत नाही.